मी, माझ्या तीन वायरी आणि अमरावतीची पाटवडी

मी एक टीव्ही बोलतोय. एकोणतीस इंची, पुढून गोरागोमटा आणि मागून कुबड आलेला. हल्ली भिंतीला चिकटून बसणारे चपटे भाऊबंद निघालेत. त्यांना बघितलं की मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटते. आम्ही खात्यापित्या घरचे!

शाळेत मी गेलो नाही. जे काही ज्ञान आहे ते माझ्याच पोटातून गेलेलं. त्यामुळे थोडं इकडचं, थोडं तिकडचं, आणि मधूनमधून साबणाच्या जाहिराती.

माझे मालक वसंतराव विमा कंपनीत साहेब. त्यांनी मला अमरावतीत विकत घेतलं आणि बदली झाली तेव्हा गोधड्यांत गुंडाळून जयपूरला आणलं. जवाहर नगरात आमचं घर. घरात मालकीणबाई मधुमती, आणि कॉलेजात जाणारी लेक अवनी. ही मुलगी वाक्य मराठीत सुरू करते आणि संपवते हिंदीत, मधे कुठे गाडी बदलली ते तिलाही कळत नाही.

जयपुरात माझ्या पाठीला पहिली वायर खुपसली ती केबलची. केबलवाला बनवारी, राजा पार्कातला. गल्लीभर त्याच्या वायरी लोंबतात, त्यांवर कबुतरं झोके घेतात आणि कुणाच्या घरी लग्न असलं की लोक त्यांवरच दिव्यांच्या माळा टाकतात. चित्र येतं तेव्हा येतं. मराठीचं विचारलं की बनवारी हात जोडायचा, "भाभीसा, यहाँ मराठी देखता कौन है? आप बोलो तो भजनवाला चैनल लगा दूँ?"

पण बनवारीचा एक गुण मानावाच लागेल. त्याच्यावर ओरडता येतं. गॅलरीतून हाक मारली की तो खाली स्कूटरवर उभा असतो, निमूट ऐकून घेतो, आणि वर चहा पिऊन जातो.

तर अशा सुखात दिवस चालले होते. एके दिवशी रेल्वेतल्या जाधवांच्या द्वारकाबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो मधुमतीताई, तुमची रत्नमाला टीव्हीवर येऊन राहिली! येत्या रविवारी दुपारी, त्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात. पाटवडीचा रस्सा करणार म्हणे."

बाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. रत्नमाला ही बाईंची अमरावतीतली धाकटी बहीण, आणि ती पाटवडी बाईंची. बेसन किती घोटायचं, मसाल्यात भाजलेली खसखस केव्हा घालायची, सगळं बाईंनी बसवलेलं. पण काकांच्या साठीला आचाऱ्याने तोंडभर कौतुक केलं तेव्हा रत्नमालाबाई सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाल्या, "माझीच आहे नं ती रेसिपी!" झालं. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नवऱ्यांमार्फत जातात.

"टीव्हीवर तरी खरं सांगते का ते बघते," बाई म्हणाल्या. "माझं नाव घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर मी मेल्यावरच बोलीन तिच्याशी."

"मेल्यावर कशी बोलशील?" वसंतरावांनी विचारलं.

"ते मी बघीन!"

आता वसंतराव पडले विमेवाले. एका पॉलिसीवर विसंबायचं नाही हा त्यांचा धर्म. मराठी वाहिनी दिसायलाच हवी म्हणून त्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसवली. ही दुसरी वायर. तेवढ्यावर मन भरेना, म्हणून अवनीच्या इंटरनेटसाठी फोनची लाइन होतीच, तिच्यावर चालणारी टीव्हीची पेटीही आणली. ही तिसरी. शिवाय बनवारीला बोलावून गळ घातली. तो म्हणाला, "साबजी, आपके लिए रविवार को भजन हटाके मराठी चला दूँगा। गाली खाऊँगा, पर चलाऊँगा।"

माझ्या कुबडामागे तिघंजण एकत्र राहायला आले आणि भांडणं सुरू झाली. छत्री तोऱ्यात म्हणायची, "माझं थेट आकाशाशी बोलणं आहे." इंटरनेटची पेटी म्हणायची, "आकाश जुनं झालं ताई. माझ्याकडे पाहिजे तो सिनेमा पाहिजे तेव्हा." केबल काही म्हणायची नाही. तिच्यावर कबुतर बसलेलं असायचं.

पेटीबरोबर एक छोटी पांढरी डबी आली होती. फोन आणि पेटी यांच्या मधे ती बसवायची, म्हणजे फोन वाजला तरी चित्र जात नाही. वसंतरावांनी ती निरखून पाहिली, "चांगली आहे, खराब व्हायला नको," म्हणाले आणि कपाटात जपून ठेवून दिली. मी बघत होतो. ओरडणार कसा? माझा आवाज त्यांच्याच हातात.

रविवार उजाडला. महाराष्ट्र मंडळातल्या बायका आल्या. सतरंजी पडली, चिवडा फिरला. वसंतराव मांडीवर तीन रिमोट घेऊन तबलजीसारखे बसले.

आधी छत्री लावली. काय चित्र! रत्नमालाबाईंच्या पैठणीचा मोर न् मोर मोजता येत होता. त्यांनी बेसन घोटलं, थापलं, फोडणी दिली. बाई पुटपुटत होत्या, "गॅस मोठा आहे. मोठा आहे गॅस. सांगा कोणी तिला." आणि निवेदिकेने हसत विचारलं, "ताई, ही पाटवडी तुम्ही शिकलात तरी कुणा..."

रत्नमालाबाईंचे चौकोन चौकोन झाले. नाक एकीकडे, मोर दुसरीकडे. मग सगळंच काळं.

"बंदर!" अवनी गॅलरीतून वर बघत ओरडली. गच्चीवर डोंगराकडून आलेला एक गलेलठ्ठ वानर छत्रीत आरामखुर्चीसारखा बसला होता. वसंतराव काठी घेऊन वर धावले.

"आलं का?" वरून आवाज.

"नाही!" खालून सगळ्या बायका.

"आता?"

"नाही हो!"

"पप्पा, वो आपकी चप्पल ले गया!"

"काय करून राहिले हो तुम्ही!" बाई कळवळल्या. "अवनी, ती पेटी लाव, पेटी!"

अवनीने पेटी लावली. इंटरनेटवाल्यांची एक गंमत सांगतो. ते सगळ्यांच्या मागून येतात. छत्रीत जे होऊन गेलं ते पेटीत अजून व्हायचं असतं. एक गोल फिरला, फिरला, आणि काय आश्चर्य! निवेदिका हसून तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागली. "ताई, ही पाटवडी तुम्ही शिकलात तरी कुणाकडून?" रत्नमालाबाईंनी उत्तराला तोंड उघडलं...

ट्रिंग ट्रिंग.

फोन वाजला आणि रत्नमालाबाई आ वासून थिजल्या.

"उचलू नका!" बाई गरजल्या. फोन दमून थांबला. गोल फिरला, चित्र हललं, रत्नमालाबाईंच्या ओठांवर "ही तर..." एवढं आलं, आणि पुन्हा ट्रिंग ट्रिंग. डबी कपाटात सुखाने झोपली होती.

वसंतराव एका चपलेनिशी खाली आले. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी फोनवर झडप घातली. "कोण आहे रे मेल्या? इथे माझी बहीण..."

पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की मलाही ऐकू आला.

"मधुताई, मी रत्ना बोलून राहिली. लावला का टीव्ही? शूटिंग झालं तेव्हाच तुझं नाव घेतलंय मी. म्हटलं तू बघायची राहशील."

"तूच मघापासून फोन करून राहिली का?"

"मग! उचलत काहून नाही?"

बाई खाली बसल्या. नुसत्या "हो" आणि "हं" करत राहिल्या. मग नाक पुसून एकदम कडक आवाजात त्यांनी विचारलं, "खसखस भाजली होतीस?"

"घाईत राहिलीच बघ."

"वाटलंच मला!" आणि बाई जे हसत सुटल्या!

इकडे वसंतरावांनी शेवटचा उपाय म्हणून केबल लावली. आणि बनवारी शब्दाला जागला होता! सगळ्या जवाहर नगरात भजन थांबलेलं, आणि घरोघरी रत्नमालाबाई पाटवडी वाढत होत्या. चित्राला थोड्या मुंग्या, पण आवाज ठणठणीत. त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हो, जाता जाता पुन्हा सांगते, ही पाटवडी माझ्या मोठ्या बहिणीची. मधुमती, जयपूरला असते. मी आपली मिरवत होती."

"आई! आई, तेरा नाम!" अवनी किंचाळली. द्वारकाबाईंच्या हातचा चिवडा सांडला.

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि मागे वळूनही न बघता ओरडल्या, "आवाज बंद करा हो त्याचा! माझी बहीण बोलून राहिली नं!"

वसंतरावांनी निमूटपणे माझा आवाज बंद केला.

आता दर रविवारी दुपारी हेच चालतं. फोन अमरावतीला लागतो आणि मी मुका होतो. माझ्यामागे तिघंजण अजून भांडतात की श्रेष्ठ कोण. छत्रीचं चित्र सुंदर, पेटीचा थाट मोठा, बनवारीवर चहा पाजून ओरडता येतं. मला विचाराल तर मी तिघांनाही हो म्हणतो, पाठ माझी आहे.

शेजारणी विचारतात, "बहनजी, टीवी पर आपका नाम आया, सुना?"

बाई ऐटीत म्हणतात, "नहीं जी, मैंने देखाइच नहीं. मला तर तिनं स्वतः सांगितलं."

तर मंडळी, येतो मी. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणाचा फोन रंगला असेल आणि टीव्ही मुका केला असेल, तर अधूनमधून एक नजर त्याच्याकडेही टाका. बिचारा केव्हाचा तोंड हलवत असतो.