ताजुऱ्याच्या वाळूवरची सवत

मित्रांनो, मी ताजुऱ्याच्या किनाऱ्यावरची एक जुनी लाकडी होडी आहे. नाखवा दिनी यांच्या वडिलांनी मला बांधलं. आखात ओलांडून जिबुतीच्या बंदरात शेळ्या, मासळी आणि माणसं पोचवण्यात माझा जन्म गेला. दिनी स्वतःच्या हातांनी मला मुशी माशाचं तेल चोळत. अशी होडी पार बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीपर्यंत शोधून सापडायची नाही, असं ते चारचौघांत सांगत.

जगातल्या बड्या आरमारांना तळ ठोकायला आमचा चिमूटभर देश हवा असतो. त्यांच्या पोलादी जहाजांचा मला कधी हेवा वाटला नाही. ती परक्यांची. पण दिनींनी फायबरची पांढरी होडी आणली आणि मला वाळूवर ओढून ठेवलं, तेव्हा माझा जळफळाट झाला. सगळं कौतुक तिचं. तिचं इंजिन भर समुद्रात बंद पडावं, म्हणून मी देवाला रोज साकडं घालू लागले.

एके दुपारी दिनींची मुलगी कदिगा बाळंतपणात अडली. तिला जिबुतीच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं होतं. वारा उठला होता. दिनी सवयीनं माझ्याकडे वळले. लाटांत हीच भरवशाची, असं म्हणाले. मी सुखावले.

त्यांची बायको दहाबो लेकीला सावरत पुढे आली.

"अहो, ही पोचेपर्यंत दिवस मावळेल. मला लेक जिवंत हवीय. तुमची माया मागाहून बघू."

दिनींनी माझ्या काठावरचा हात काढून घेतला. पांढरी होडी लाटा कापत निघाली. इंजिनाचा आवाज दूर जात ऐकू येईनासा झाला. माझं साकडं नेमकं आजच फळलं तर?

काही दिवसांनी कदिगा तान्ह्या लेकीला कुशीत घेऊन परतली. दिनींनी पांढरीच्या पुढच्या टोकावर प्रेमानं थाप मारली. खोटं कशाला बोलू, मला पुन्हा तेवढंच झोंबलं.

मित्रांनो, लाकूड कोरडं पडलं की फुटतं. माझ्या फळ्यांत आता बोट शिरेल एवढ्या फटी आहेत. पण तिच्या इंजिनावरही मिठाचे थर चढलेत, ते कुणी धूत नाही; अशानं ते एक दिवस भर समुद्रात बंद पडेल. आमच्याकडे गोडं पाणी जिवापाड जपतात. तरी त्यातलं थोडं आधी तिच्या इंजिनावर ओता. मग मला समुद्रात भिजत ठेवा, म्हणजे लाकूड फुगून फटी बुजतील. मला खारं पाणी चालतं.