जुलै संपू दे

जुलैत अख्खा फिनलंड सुट्टीवर, तेव्हा मरायचीही सोय नाही; पाद्रीसुद्धा कुठल्यातरी तळ्याकाठी गळ टाकून बसलेला असतो. तरी रेइनोच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, ऐन जुलैत, त्याच्या तळ्याकाठच्या लाकडी घरी तीस माणसं आपली सुट्टी मोडून आली. तो ऑगस्ट बघणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

त्यांत हेल्काही होती; ती गायची तेव्हा रेइनो तिचा मॅनेजर होता. १९८५ साली तिनं स्वतः लिहून चाल लावलेलं एक गाणं लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीला आवडलं. त्यांनी तिच्याकडून ते इंग्रजीत गाऊन घेतलं, फोटो काढले आणि कळवतो म्हणाले. कळवलंही. तिकडे घरोघरी बघतात अशा टीव्हीच्या कार्यक्रमात एक जागा रिकामी झाली होती, अठरा जुलैला या. पण रेइनोच्या हेलसिंकीतल्या ऑफिसला महिनाभर कुलूप, तो इथे तळ्याकाठच्या घरी. जुलैत जगात कुणीच काम करत नाही, अशी रेइनोची पक्की समजूत. हेल्का मावशीकडे ब्लूबेरी वेचत होती. एक ऑगस्टला कुलूप काढलं तेव्हा टेलेक्सच्या यंत्रातून छापून आलेला निरोपांचा कागद जमिनीवर लोळत होता. आधीच्या निरोपांत घाई, मग विनवण्या, शेवटच्यात नुसता सभ्यपणा. त्या जागेवर एक डॅनिश मुलगी गाऊन आली आणि वर्षभरात युरोपभर गाजली.

त्या दिवशी रेइनो ढसाढसा रडला. हेल्कानंच त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, तुला तरी काय माहीत होतं? पुढे ती स्वीडनच्या बोटीवर झिंगलेल्या प्रवाशांसमोर गायली, मग शाळेत पोरांना बासरी शिकवली, आणि दर भेटीत रेइनोची तीच समजूत घालत राहिली. अशी सदतीस वर्षं.

कॉफीच्या वेळी तिच्या शेजारी सिर्का येऊन बसली. पलीकडच्या काठावरचं किराणा दुकान पूर्वी तिचं. त्या काळी अख्ख्या तळ्याकाठी तिच्याकडेच फोन होता आणि निरोप आला की ती होडी वल्हवत घरोघर द्यायची, त्याच्या गमती सांगत होती.

"तुझा लंडनचा निरोपही मीच आणला होता की."

"कुठला निरोप?"

"ऑफिसातली बाई कुंड्यांना पाणी घालायला गेलेली, तिनं कागद वाचून दुकानात फोन केला. मी आले तर रेइनो सौनात वाफ घेत बसलेला. दाराबाहेरूनच ओरडून सांगितलं सगळं. आतून म्हणतो कसा, ऑगस्टमध्ये बघू."

"तारीख सांगितलीस?"

"दोनदा. तेव्हा आठवडा होता की हातात."

सिर्का हसली आणि तिनं केकचा आणखी एक तुकडा घेतला. तिच्या लेखी ही गंमतच होती. सौनात बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, तेही जुलैत. रेइनोच्या मनात वाकडं काही नसणार, हे हेल्कालाही कळत होतं. असतं तर बरं झालं असतं, निदान तिची काही किंमत तरी होती असं झालं असतं. तिला त्याचा संताप आला आणि त्याहून स्वतःचा. सदतीस वर्षं ती समजूत घालत होती आणि हा निमूट घालून घेत होता.

तेवढ्यात रेइनोच्या लेकीनं हेल्काला गिटार आणून दिली. चाकांच्या खुर्चीतून, पांघरुणाखालून रेइनोनं हात वर केला. माणसं त्याच्याकडे वळली.

"हेल्का, आपलं ते गाणं म्हण. एकदाच."

ती त्याच्याजवळ गेली. घसरलेलं पांघरूण तिनं नीट केलं, गिटार त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"म्हणेन की," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये."

मागे कुणीतरी हसलं. रेइनोनं तिच्या खांद्यावरून सिर्काकडे पाहिलं, केक खाणाऱ्या सिर्काकडे, आणि मान खाली घातली.

"बरं," तो म्हणाला.

हेल्काला वाटलं होतं, निदान आता तरी जिवाला गार वाटेल. गाडीपर्यंत पोचली तरी तसलं काही वाटलं नाही.