थोरल्याची सही

उत्तर ध्रुवाकडे पाहुणे नेणाऱ्या जहाजाच्या सफरीचा प्रमुख पेनर गोरा, पण तिथल्या किनाऱ्यावरच्या गावातली लीटिया त्याला दादा म्हणायची, आणि ते काही लाडीगोडीने नव्हे. तिचा थोरला भाऊ आयपिली समुद्रात बुडून गेला, प्रेत तेवढं हाती लागलं. पुढे वादळात पेनर तीन दिवस त्यांच्या घरी अडकला, तेव्हा तिच्या म्हाताऱ्या आईला त्याच्या बसण्या-उठण्यात लेक दिसला आणि तिने आयपिलीचं नाव त्याला दिलं. नाव दिलं की गेलेला माणूस घरी परत येतो. यावर गावात कुणी चर्चा करत नाही, सगळे तसं वागतात. सहा वर्षं म्हातारी त्याला पोरा म्हणत होती, सीलच्या मांसातला थोरल्याचा वाटा त्याच्या ताटात पडत होता, आणि लीटिया त्याच्याशी भांडायची तीही सख्ख्या बहिणीसारखी.

म्हणूनच तिने त्याला ती खाडी दाखवली. काठावर हजार वर्षांपूर्वीची घरं, त्यांची देवमाशाच्या बरगड्यांची छपरं कोसळलेली, आणि मागच्या उतारावर दगडांच्या राशींखाली लीटियाच्या घरची माणसं पुरलेली. आयपिलीही तिथेच. "जहाज इकडे आणायचं नाही हं दादा," एवढंच ती म्हणाली होती. त्याने साळसूदपणे मान डोलावली होती.

या ऑगस्टमध्ये जहाजावर नाश्त्याच्या वेळी पडद्यावर तीच खाडी झळकली. 'जगाने न पाहिलेली जागा.' नव्वद पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बंदूक घेऊन सगळ्यांच्या आधी काठावर उतरायचं आणि अस्वलांवर नजर ठेवायची, हे जहाजावर लीटियाचं काम. ती तडक पेनरच्या खोलीत गेली.

तो म्हणाला, गावच्या समितीची रीतसर परवानगी आहे. समिती थडगी ज्यांची त्या घरच्यांच्या होकाराशिवाय परवानगी देत नाही, आणि होकार तर ना तिने दिला होता ना आईने. पेनरने कागद पुढे सरकवला. खाली सही होती, आयपिली, थोरला मुलगा.

"हे तू केलंस?"

"त्यात खोटं काय आहे? नाव आईनेच दिलंय ना? समितीतल्या म्हाताऱ्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाले, थोरल्याचा होकार आहे ना, मग झालं."

सही खोटी म्हणावी, तर आईने दिलेलं नाव खोटं ठरत होतं. खरी म्हणावी, तर तिच्या भावानेच स्वतःचं थडगं विकायला काढलं होतं. परक्याने फसवलं असतं तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. याने दादा होऊन केसाने गळा कापला होता.

"रुसू नकोस गं," पेनर म्हणाला. "नवं काही दाखवलं नसतं तर मालकांनी ही सफरच बंद केली असती. तुझंही काम गेलं असतं."

ती खाडीच्या काठावर उतरली. तिने नकार दिला असता तर बंदूक दुसऱ्याने घेतली असती, आणि थडग्यांपाशी उभं राहायला कुणीच उरलं नसतं. खाली पाहुणे बरगड्यांवर बसून फोटो काढत होते, टेबलं मांडून शॅम्पेन उघडली होती. ती उतारावरून हलली नाही. पाहुण्यांतल्या एका आजीबाईंनी लांबूनच अदबीने विचारलं, ही रास कुणाची?

"माझ्या भावाची."

आजीबाई गोंधळल्या. "पण तुझा भाऊ तर पेनर ना? काल जेवताना तूच सांगितलंस."

पेनर चार पावलांवर उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"काल होता," लीटिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज गावापुढे थांबलं. म्हातारी नेहमीसारखी काठावर येऊन उभी होती. पहिल्या होडीतून लीटिया उतरली, तिच्यामागून पेनर पाण्यातून येत होता.

"माझा पोरगा बरा आहे ना गं?" म्हातारीने विचारलं.

सहा वर्षांपूर्वी मिळालेला भाऊ आता तिला स्वतःच्या तोंडाने मारायचा होता. "आई," ती म्हणाली, "आयपिली गेला."

म्हातारीने लेकीचा चेहरा पाहिला, मग मागून येणाऱ्या माणसाला पाहिलं. काय झालं ते तिने विचारलं नाही.

"पुन्हा?" ती म्हणाली, आणि वाळूत बसली.

पेनर जवळ आला, वाकून "आई" म्हणाला. त्याच्याकडे न बघता म्हातारी रडत होती, पहिल्या वेळी रडली होती तशीच.