नामदिनाला बोलावत नाहीत

"अजून पातळ," काचेवर बोट टेकवत वालेंटी म्हणाला. "त्यातून पलीकडची नदी दिसली पाहिजे."

"आपली नदी बघण्यासारखी असती तर कापलं असतं तसं," बोझेना म्हणाली आणि हॅमचा गोळा पुन्हा यंत्रावर सरकवला. तिच्या डोक्यावर छताला टांगलेल्या सॉसेजच्या माळा होत्या आणि माळांच्या मधूनमधून या वर्षी मालकाने लाल कागदी बदाम लटकवले होते. "एवढं कुणासाठी, काका? किती जणं धरलीत?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"म्हणजे?"

"नामदिनाला कुणी आमंत्रणं धाडतं का, पोरी? वाढदिवसाला बोलावतात. नामदिन आपल्या नावाच्या संताचा दिवस, त्याला ज्याच्या लक्षात असतं तो येतो. आपण फक्त टेबल मांडून ठेवायचं."

बोझेनाचा हात यंत्रावर क्षणभर थांबला. वालेंटीच्या गळ्यातल्या काळ्या टायकडे तिने पाहिलं. "यंदाही करताय?"

"यंदा संत वालेंटी रजेवर गेलेत की काय?"

ती हसली. पुडकं बांधताना तिने हॅमचे दोन जास्तीचे काप आत सरकवले. रांगेतला एक तरुण चॉकलेटचा बदामाच्या आकाराचा डबा छातीशी धरून उभा होता. त्याच्याकडे पाहत वालेंटी म्हणाला, "बघ, सगळा अमेरिका देश माझा नामदिन साजरा करतोय. मला मात्र कुणी विचारलं नाही."

हॉलिंग्टनमध्ये त्याला न ओळखणारं माणूस सापडणं कठीण होतं. न्यू जर्सीतल्या नदीकाठच्या, पोलंडहून आलेल्यांच्या या चिमुकल्या उपनगरात घरं इतकी चिकटून होती की एका घरात कांदा परतला तर दोन घरांना शिंका यायच्या. वालेंटीने आपलं सारं कामाचं आयुष्य नगरपालिकेच्या नोकरीत काढलं होतं. गटारं उपसली, तीन मेचा पोलिश सण आला की दिव्यांच्या खांबांवर पोलंडचे पांढरे-लाल झेंडे चढवले आणि हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी चालवली. ती गाडी रस्ता साफ करते खरी, पण सारा बर्फ लोकांच्या दारातच लोटून जाते. वालेंटीचं तसं नव्हतं. एखाद्या म्हातारीचं दार आलं की तो पातं तिरपं करायचा आणि बर्फाचा ढीग पुढच्या रिकाम्या जागेत नेऊन टाकायचा. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याबद्दल कुणी आभार मानावेत अशी त्याची अपेक्षाही नव्हती. फक्त वर्षातून एकदा, चौदा फेब्रुवारीच्या संध्याकाळी, त्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरत नसे, तेव्हा त्याला वाटे की पावलं. आपल्या हाताने केलेलं कुठेतरी पावलं.

त्याची बायको स्तेफानिया ऑक्टोबरात गेली होती.

घरी येऊन त्याने तिचा भरतकामाचा टेबलक्लॉथ अंथरला. हेरिंग मासा कांद्यात मुरवून ठेवलेला होता. बिटाची कोशिंबीर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केली होती आणि तिच्या डागांनी त्याचे दोन शर्ट बाद झाले होते. खसखशीचा केक बेकरीतून आला होता. वोडका फ्रीजरमध्ये होती. दुपारी कॅरोलिनातून मुलीचा, दांकाचा फोन आला.

"बाबा, लोकांना फोन केलेत का?"

"कशाला?"

"सांगायला. बोलवायला."

"दांका, फोन केल्यावर जो येतो, तो फोनसाठी येतो."

"अहो, लोक विसरतात! आणि आज व्हॅलेंटाईन डे आहे, सगळे हॉटेलात जाऊन बसलेले असतात."

"इतकी वर्षं नव्हता का व्हॅलेंटाईन डे? घर भरायचं तरी. तुझी आई वाट बघून हैराण व्हायची म्हणून कधी ऐकलंस?"

"नाही ऐकलं," ती म्हणाली. "बरं, टाय सरळ करा. वाकडा असणार, न बघता सांगते."

टाय वाकडाच होता.

चारच्या सुमारास तो खिडकीशी जाऊन बसला. गाणं नाही, नाच नाही हे त्याने मनाशी धरलं होतं, शोकाचं वर्ष होतं. पण म्हणून दार बंद ठेवायचं? स्तेफाला बंद दार आवडत नसे. त्याने पडदा मुद्दाम बाजूला सारला आणि दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले. रस्त्यावरून माणसं जात होती. गुलाबांचे गुच्छ घेतलेली पोरं, शनिवारच्या पोलिश शाळेतून मुलांना ओढत नेणारी एक आई. समोरच्या घरात गेल्या उन्हाळ्यात आलेलं पेरू देशातलं कुटुंब गाडीतून सामान उतरवत होतं. एक निळी गाडी हळू झाली, तसा तो उठून उभा राहिला. गाडी पुढे गेली. हॅमच्या कडा वाळू लागल्या होत्या. त्याने त्यांवर ओला रुमाल टाकला, मग पाहुणे आले तर वाईट दिसेल म्हणून काढला, आणि पुन्हा टाकला.

अंधार पडल्यावर दारावर टकटक झाली. तो इतक्या घाईने उठला की खुर्ची कलंडली.

दारात वरच्या मजल्यावरची भाडेकरू यादविगाबाई उभी होती. खांद्यावर शाल, पायात सपाता, हातात मोजून तीन कार्नेशनची फुलं. शिलाई कारखान्यात जन्म घालवलेली ही बाई बोलायला सुईसारखी होती.

"देव तुम्हाला आरोग्य देवो," तिने त्याच्या दोन्ही गालांचा मुका घेतला आणि त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. "पुरुषांनी बिटाला हात लावू नये. खून झालाय असं वाटतंय स्वयंपाकघरात."

"बसा. येतील आता सगळे."

"कोण?"

"नेहमीचे. लुत्सेक, इरेना, चर्चमधली मंडळी. उशीर होतोय त्यांना आज."

यादविगाबाईने खुर्ची सरळ केली, बसली, हेरिंगचा एक तुकडा खाल्ला आणि काटा खाली ठेवला. "तुम्ही सांगितलंत का कुणाला?"

"यादविगाबाई, तुम्हीसुद्धा? नामदिनाला बोलावत नाहीत. तीस-पस्तीस वर्षांत या घरातून एक आमंत्रण गेलेलं नाही. माणसं आपणहून येत होती."

"आपणहून?"

"मग काय?"

"वालेंटी, तुम्ही भले गृहस्थ आहात," ती म्हणाली, "पण बर्फाखेरीज तुम्हाला काही दिसत नाही. स्तेफा लोकांना भांडी द्यायची."

"कसली भांडी?"

"जानेवारी लागला की सुरू व्हायची ती. इरेनाला मोठं पातेलं. चर्चमधल्या ऑर्गनवाल्याच्या बायकोला केकचा साचा. मला मांस कुटायची हातोडी, मी मागितलेली नसताना! मग नामदिनाच्या आठवड्यात फोन. 'अगं, माझं पातेलं लागेल हं, चौदाला वालेकचा दिवस आहे ना.' ये म्हणून एका शब्दाने नाही. तुमचा नियम तिने कधी मोडला नाही. दाराशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तुमचंच भांडं असायचं, तुम्ही कधी पाहिलं नाही?"

वालेंटीने पाहिलं होतं. लोक काहीतरी करून आणतात, रिकाम्या हाताने येत नाहीत, म्हणून त्याला त्यांचं कौतुक वाटलं होतं.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. आम्ही हसायचो. चांगलं हसायचो, वाईट नाही."

तो टेबलाकडे पाहत राहिला. दफनविधीनंतर लोकांनी त्याला सूप आणून दिलं होतं, कोबी-मांसाचं कालवण आणून दिलं होतं, आणि त्याबरोबर घरोघरची राहिलेली भांडीही परत आली होती. ती त्याने घासून, पुसून, आकाराप्रमाणे फळीवर लावली होती. आता बाहेर त्याचं काहीच राहिलं नव्हतं.

"म्हणजे ते माझ्यासाठी येत नव्हते," तो म्हणाला.

"पातेल्यासाठी कोण वोडका पीत रात्रीपर्यंत बसतं हो?"

"स्तेफासाठी येत होते."

यादविगाबाईने शालीतून फोन काढला, लुत्सेकचा नंबर लावला आणि घंटा वाजत असतानाच तो वालेंटीच्या हातात दिला. "मला विचारून काय उपयोग? त्याला विचारा," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

"हॅलो?" लुत्सेकचा आवाज आला. त्याने आणि वालेंटीने अनेक हिवाळे एकाच गाडीत काढले होते.

"मी आहे."

"वालेक! काय रे, बरा आहेस ना?"

"बरा आहे. थंडी पडलीय."

"पडलीय."

"तुझ्याकडच्या नळाचं पाणी गोठलं का?"

"नाही. तुझ्याकडचं?"

"नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, आणि पुन्हा सुरू झाला. वालेंटीने डोळे मिटले. हेरिंग जास्त झालंय, असं सांगता आलं असतं. दिव्याचं बटण बिघडलंय, जरा बघून जा, असंही सांगता आलं असतं. स्तेफाला असं काहीतरी बरोबर सुचलं असतं.

"लुत्सेक, आज माझा नामदिन आहे," तो म्हणाला. "टेबल मांडलंय. कुणी आलं नाही. तू ये."

लुत्सेक एकदम ओरडू लागला. "गाढवा! अरे, दोनदा तुझ्या घरावरून गाडी नेली मी! सगळे दिवे लागलेले बघितले. इरेना म्हणाली, शोकाचं वर्ष आहे, तो तिच्यासाठी दिवे लावून बसलाय, माणसाला त्याचं दुःख करू दे, पुढे चल. चर्चमध्येही सगळ्यांनी तेच ठरवलं. यंदा वालेकला त्रास द्यायचा नाही!"

"त्रास?"

"मग आम्ही काय समजायचं? तू तोंड उघडलं असतंस तर... इरेना! कोट घाल! अगं, त्याने बोलावलंय. हो, त्यानेच. तोंडाने!"

ते आले. लुत्सेकने पायजम्यावरच कोट चढवला होता. इरेना येताना वाटेतल्या तीन दारांवर धडका देत आली होती. ऑर्गन वाजवणारा बायकोसकट आला. हॉटेलात टेबल मिळालं नाही म्हणून भांडत परतणारं एक तरुण जोडपं बाहेर कोलाहल ऐकून थांबलं आणि आत ओढलं गेलं. दुकान बंद करून बोझेना आली ती थेट हॅमकडे गेली. "पातळच कापलंय की," ती म्हणाली, "तरी नदी दिसत नाही." बिटाच्या कोशिंबिरीबद्दल इरेनाने चौकशी केली, चव घेतली, आणि ती फार चांगली झालीय असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की सगळे खो खो हसले.

पेले भरले गेले आणि सगळे उठून उभे राहिले. या क्षणी ज्याचा दिवस असतो त्याला शंभर वर्षांचं आयुष्य चिंतणारं गाणं म्हणतात. लुत्सेक खाकरला. "यंदा गायचं नाही," तो हळूच म्हणाला. "नुसतं पिऊ. वालेक, तुझ्या आरोग्यासाठी."

"गा," वालेंटी म्हणाला.

"अरे पण..."

"मी सांगतोय ना. गा."

ऑर्गनवाल्याने सूर धरला. लुत्सेक नेहमीसारखा अर्धा ताल पुढे पळाला आणि यादविगाबाई नेहमीसारखी त्याच्यावर डोळे वटारून वरच्या पट्टीत चढली. गाणं ज्याच्यासाठी असतं त्याला त्यात काही म्हणायचं नसतं. त्याने उभं राहायचं आणि लोकांच्या तोंडांकडे पाहायचं. वालेंटी पाहत होता. खोली लहान, माणसं पुष्कळ. कोट, कोपर, पेले एकमेकांत अडकले होते. ते तरुण जोडपं दाराच्या चौकटीत दाटून उभं होतं, बोझेना फ्रीजला पाठ टेकून राहिली होती. फक्त त्याच्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथे कुणी उभं राहिलं नव्हतं. तसं कुणी ठरवलेलं दिसत नव्हतं. पेला सांभाळत इरेना मागून सरकली तीसुद्धा त्या जागेला वळसा घालून.

दुसरं कडवं सुरू झालं. वालेंटीने पेला उजव्या हातात घेतला, डावा हात मोकळा सोडला आणि गाणं संपेपर्यंत तो तसाच, ताठ उभा राहिला.