नुसतं हो, हो

कानाची मशीनं लावून देणाऱ्या ताईंनी पांढऱ्या डब्याची वायर तिसऱ्यांदा उपसली आणि पुन्हा खोचली. पडद्यावर तेच वाक्य आलं : सुरक्षेच्या कारणास्तव या उपकरणाचा ड्रायव्हर चालू करता येणार नाही. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कॉम्प्युटरनं आपल्या मनानं अपडेट घेतलं, आणि आज सकाळपासून साहेब बारा वर्षांच्या ओळखीच्या डब्याला दारातच अडवून बसले होते.

"झालं का?" समोरच्या आजोबांनी ओरडून विचारलं. छापखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. कानातलं मशीन काढलं की त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. ते मशीन आत्ता डब्याला जोडून टेबलावर पडलं होतं.

ताईंनी कागदावर लिहिलं, 'थोडं थांबा.'

"थांबतो की. पण बारीक आवाज वाढवा हं, अगदी बारीक. आमच्या हिचा आवाज पार बसलाय. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले." ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "तीन दिवस झाले, सारखं काहीतरी विचारतेय. मी आपला मान हलवून नुसतं हो, हो. ऐकू येत नाही म्हटलं तर उगाच जिवाला लावून घेईल."

ताईंना राग आला, पण तो काढायचा कुणावर? मशीन जुनं, बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली, आणि त्याचा आवाज बदलणारं सॉफ्टवेअर या एकाच डब्यातून चालायचं. 'नवं मागवलं तर आठ दिवस लागतील,' त्यांनी लिहिलं.

आजोबांनी वाचलं आणि कागद परत सरकवला. "तिच्याकडे कुठले आलेत आठ दिवस!"

ताईंनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

"अपडेटनं आणलेलं ते संरक्षण बंद केलं तर डबा चालेल ना?"

"चालेल, पण करू नका. सगळ्या पेशंटची माहिती आहे त्यात. काही घुसलं तर माझ्या गळ्याशी येईल."

"इंटरनेटची वायर काढून ठेवते. दहा मिनिटं फक्त."

"ताई, मी नाही म्हणालोय."

"ऐकलं मी," म्हणत ताईंनी फोन ठेवला आणि वायर काढली. संरक्षण बंद केलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. सॉफ्टवेअर मुकाट्यानं उघडलं. बारीक आवाजांच्या पट्ट्या त्यांनी जपून वर सरकवल्या, मशीन आजोबांच्या कानात बसवलं, आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन कुजबुजल्या, "जेवलात का?"

"नाही हो. घशाखाली उतरतंय कुठे," आजोबा हळू आवाजात म्हणाले. मग एकदम वळून त्यांनी ताईंकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. जातो म्हणायचंही भान राहिलं नाही, तसेच लगबगीनं जिना उतरून गेले.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. दाढी वाढली होती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"थोडं कमी करून द्या. घरात फारच ऐकू येतं आता."

ताईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी इंटरनेटची वायर काढली. कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ होता. त्यांना राहवलं नाही.

"त्या दिवशी ऐकू आलं ना?"

"लख्ख."

"काय विचारत होत्या?"

आजोबांनी मशीन कानातून काढलं नाही. हात नुसता तिथपर्यंत नेला आणि खाली आणला.

"'निघू का मी आता?' असं. आणि तीन दिवस मी हो म्हणत होतो."

ताई खुर्चीत बसल्या. "मग?"

"मग काय! त्या दिवशी ऐकू आलं, आणि मी ऐकूच न आल्यासारखं केलं." ते पडद्याकडे बघत होते. "तिनं आणखी दोनदा विचारलं. मग न विचारताच गेली."