बिनआवाजाची गाडी

कुरामोचींची खेळण्यातली आगगाडी अशी खडखडायची की बायको सुमिए स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, गाडी चालवताय की जातं फिरवताय?"

म्हणून त्यांनी स्वतःच गाडीखालची नवी चेसिस, मोटर-चाकांचा सांगाडा, घडवली. मोटर रबरावर बसवली, दातेरी चाकं घासून गुळगुळीत केली. ती पुरी झाली तेव्हा सुमिएचा अस्थिकलश देव्हाऱ्यासमोर होता, उद्या थडग्यात ठेवायचा.

त्यांनी सेल घातले, कलशाभोवती निळे रूळ मांडले. गाडी मुकाट फिरत राहिली.

"बाबा, आवाजच नाही हो हिला," मुलगी चिझुरू म्हणाली.

"हं."

थोड्या वेळानं त्यांनी गाडी उचलली, स्क्रू काढून जुनीच चेसिस बसवली, पुन्हा रुळावर सोडली आणि स्वयंपाकघराकडे कान लावून बसले.