तीन ओळींची सूट

"काका, शून्य. एक भी डोनर नहीं है," म्हणत चिन्मयीने नकार कळवायला फोन उचलला. पंचकुल्याच्या दवाखान्यात एक बाळंतीण ऑपरेशनसाठी थांबली होती. तिचं रक्त बॉम्बे ग्रुपचं, दहा हजारांत एखाद्याचं.

"फोन ठेव," रघुवीरकाका म्हणाले. "एक तरी आहे. नाव आठवत नाही, पण आहे."

काका मूळचे अमरावतीचे. इंडस्ट्रियल एरियातल्या या रक्तपेढीत त्यांनी पंचवीस वर्षं दात्यांच्या यादीचा, पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्राम सांभाळला, आज शेवटचा दिवस. माणूस इतका कडक, की त्यांच्या टेबलावर माशीसुद्धा परवानगी काढून बसायची. प्रोग्रामही तसाच. आधी ओळख करून न दिलेलं यादीचं नाव आत घ्यायचाच नाही.

"सकाळी काय केलंस?"

"नवीन शिबिरं जोडली. त्यांच्या याद्यांची नावं फाईलमधून येतात, प्रोग्राम ती घेणार नाही, म्हणून त्याला कडक ठेवणारी वरची 'स्ट्रिक्ट'ची ओळ काढली. फिर चल पडा."

"एका पाहुण्यासाठी घराचं दारच उपटलंस की गं."

काकांनी ओळ परत घातली. मग शिबिरांची नावं जिथे येत होती तिथे महिरपी कंस उघडला, आत स्ट्रिक्टला सुट्टी दिली, मोजून तीन ओळी, आणि कंस मिटला. "बाहेर पाऊल टाकलं की हा पुन्हा हवालदार. आता चालव."

प्रोग्राम चालेना. खाली कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ही यादी मला माहीत नाही.

चिन्मयी त्या ओळीवर वाकली. सकाळी तिनेच यादीचं नाव बदललं होतं. एका जागी जुनंच राहिलं होतं. दार उघडं होतं तेव्हा प्रोग्रामने त्या नावाची नवी रिकामी यादी गुपचूप बनवली, आणि तीच मोजून शून्य सांगितलं.

तिने नाव सुधारलं. पडद्यावर एकच ओळ उमटली. देवेंद्र, सेक्टर २२, चपलांचं दुकान.

"शटर गिराके आता हूँ जी," फोनवरून देवेंद्रचा आवाज आला. "बीस मिनट."

चिन्मयी त्या दोन कंसांकडे बघत राहिली. एवढुशा जागेत एवढी माया आणि एवढा पहारा.

काका फाईलच्या तळाशी गेले. तिथे प्रत्येक बदलापुढे तारीख आणि 'रघुवीर' होतं, पानंच्या पानं. त्यांनी आजची तारीख घातली, पुढे 'चिन्मयी' लिहिलं, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवून उभे राहिले.